रुग्ण-पोर्टल: रिपोर्ट चांगले दिसतात, पण ते उघडणार कोण?

नागपूरमधील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने आपल्या रुग्णांसाठी चालवलेले ऑनलाइन पोर्टल मी आईच्या किडनीच्या उपचारांच्या निमित्ताने बऱ्याच काळापासून वापरत आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण तेथील डॉक्टरांविषयी माझी काहीही तक्रार नाही आणि थोड्याफार फरकाने अशीच पोर्टले आता अनेक मोठी रुग्णालये चालवतात. आपल्या भागातील ज्यांच्या हाती नुकतेच असे एखादे खाते आले असेल, त्यांना त्यातून काय मिळते आणि कोठे अडते, हे आधी कळावे एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे आणि संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत किडनीच्या रुग्णांची चर्चा घरोघरी आहे. पाणी किती कारणीभूत आणि मधुमेह, रक्तदाब, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या किती, हा तज्ज्ञांचा विषय आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा की ‘क्रिएटिनिन’ (किडनीने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ घटक) हा शब्द आमच्याकडे कधी शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतो. तपासणीसाठी नागपूरला जायचे म्हणजे एसटीने शेगाव गाठायचे, तेथून रेल्वेने तीनशेच्या आसपास किलोमीटर जायचे आणि परतीची गाडी चुकली तर एखाद्या नातेवाइकाच्या घरी किंवा फलाटावर रात्र काढायची. पूर्वी रक्त देऊन आल्यानंतर केवळ रिपोर्टचा कागद घेण्यासाठी हाच प्रवास पुन्हा करावा लागत असे. त्यामुळे शहरातील वापरकर्त्याला जी जुजबी सोय वाटते, ती आमच्यासाठी एका माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च असतो. पोर्टलची किंमत मी याच मापाने केली आहे.

पोर्टलवर पाच भाग आहेत: भेटीची वेळ ठरवणे, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या व सुट्टीचे (डिस्चार्जचे) कागद, बिले, आणि रुग्णालयाकडून येणारे संदेश. प्रवेशासाठी रुग्णालयाच्या पिवळ्या कार्डावरील नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि नोंदवलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी एवढ्या तीन गोष्टी लागतात. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात खाते उघडण्याचा टप्पा हाच या सेवेचा सर्वांत अवघड भाग आहे आणि तेथेच निम्मी माणसे परत फिरत असावीत, असा माझा अंदाज आहे.

अडचण जन्मतारखेपासून सुरू होते. आमच्याकडील साठीपलीकडच्या बहुतेकांची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘थोरल्याच्या पाठीवर दोन वर्षांनी’ असा त्यांचा जन्म असतो. आधार कार्ड काढताना अशांच्या नावापुढे अंदाजाने वर्ष धरून १ जानेवारी ही तारीख पडली. रुग्णालयाच्या खिडकीवर मात्र जन्मतारीख विचारण्याची पद्धत नव्हती, तेथे फक्त वय विचारत. कारकुनाने ‘६२’ एवढे लिहिले आणि संगणकाने त्या दिवसापासून बासष्ट वर्षे मागे मोजून स्वतःच एक तारीख तयार केली. ती तारीख आधारवर नाही, कार्डावर नाही आणि रुग्णाच्या स्मरणात असण्याचा प्रश्नच नाही, तरीही पोर्टल नेमकी तीच विचारते आणि न जुळल्यास ‘माहिती चुकीची आहे’ असे सांगून थांबते. पहिल्या केसपेपरवरील नोंदणीचा दिनांक आणि त्यावर लिहिलेले वय यांवरून ही तारीख काढता येते, हे मदतकक्षातील एका भल्या कर्मचाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले तेव्हा आमचे खाते उघडले. हा उपाय पोर्टलवर कोठेही लिहिलेला नाही. ज्यांनी जुना केसपेपर जपून ठेवलेला नाही, त्यांना तो उपयोगीही पडणार नाही.

नावाचीही हीच गत आहे. आईचे नाव आधारवर आधी नाव मग आडनाव असे आहे, रुग्णालयात आधी आडनाव आहे, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे आहे. माणसाला हे एकच नाव आहे हे पाहताक्षणी कळते, पण संगणकाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या बायका ठरतात. माहेरच्या नावाने जुने उपचार झालेल्या स्त्रियांची तर दोन-दोन कार्डे निघालेली असतात आणि पोर्टलवर त्यांचा अर्धाच इतिहास दिसतो.

एकदा आत गेल्यावर मात्र रिपोर्टचा भाग पाहून समाधान वाटते. मी त्याला पाचपैकी साडेचार गुण देईन. सकाळी दिलेल्या रक्ताचे नेहमीच्या तपासण्यांचे निकाल बहुधा त्याच संध्याकाळी दिसू लागतात. प्रत्येक रिपोर्टची पीडीएफ उतरवून घेता येते आणि मुख्य म्हणजे एखाद्या तपासणीवर बोट ठेवले की तिचे आजवरचे सर्व आकडे तारखेनुसार आलेखात मांडलेले दिसतात. किडनीच्या रुग्णासाठी या आलेखाचे महत्त्व फार मोठे आहे. क्रिएटिनिनचा एखादा आकडा एकटा पाहून फारसे काही सांगता येत नाही. उलट्या-जुलाब होऊन शरीरातले पाणी कमी झाले, तरी तो तात्पुरता वाढतो. त्या आकड्यावरून वय आणि लिंग लक्षात घेऊन किडनीची गाळण्याची क्षमता काढतात. ती साठच्या खाली जाऊन तीन महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली, तर दीर्घकालीन आजार मानतात, आणि पंधराच्या खाली गेल्यास आजार शेवटच्या, पाचव्या टप्प्यावर पोचला असे धरतात. म्हणजे निदान असो वा उपचार, खरा प्रश्न आकडा कोणत्या वेगाने कोणीकडे चालला आहे हाच असतो. पूर्वी याचे उत्तर प्लास्टिकच्या पिशवीतल्या, घडीवर फाटलेल्या कागदांत शोधावे लागे आणि नेमका मधला एखादा कागद पिशवीत नसे. आता तीच चढण एका नजरेत दिसते. शेगावच्या डॉक्टरांनी आईचा हा आलेख माझ्या मोबाईलवर पाहिला आणि सांधेदुखीसाठी ते लिहून देणार असलेली गोळी बदलली. पोर्टलचा याहून थेट फायदा मला दाखवता येणार नाही.

या आलेखात एक मर्यादा आहे, ती लक्षात ठेवावी. त्यात फक्त त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले आकडे येतात. मधल्या काळात तालुक्याला किंवा अकोल्याला केलेल्या तपासण्या त्यात स्वतः भरता येत नाहीत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या यंत्रांत आणि पद्धतींत थोडा फरक असतो, म्हणून सगळे आकडे एका रेषेत जोडू नयेत हे रुग्णालयाचे म्हणणे मला पटते. तरी वेगळ्या रंगाचा ठिपका म्हणून बाहेरचा आकडा नोंदवण्याची सोय ठेवायला हरकत नव्हती. क्ष-किरण आणि सोनोग्राफीचा फक्त लेखी अहवाल मिळतो, चित्रे मिळत नाहीत. त्यासाठी आजही सीडी घेऊनच फिरावे लागते आणि ती सीडी चालवणारा संगणक गावात शोधावा लागतो.

रिपोर्टच्या मांडणीत मला खटकलेली आणि माझ्या मते गंभीर अशी बाब म्हणजे लाल रंग. प्रयोगशाळेने ठरवलेल्या मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा पोर्टल सारख्याच लाल अक्षरांत दाखवते. हिमोग्लोबिन किंचित कमी असले तरी लाल आणि पोटॅशियम सहाच्या वर गेले असले तरीही तेवढेच लाल. पोटॅशियमची नेहमीची पातळी साधारण साडेतीन ते पाच असते आणि किडनीच्या रुग्णात ती फार वाढली तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकते, म्हणून तो आकडा त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जाणे आवश्यक असते. किडनीच्या जुन्या रुग्णाचे हिमोग्लोबिन मात्र बहुधा कमीच असते आणि त्याचे औषध आधीपासून चालू असते. या दोहोंत भेद न केल्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. नवखा माणूस पहिल्याच रिपोर्टला गर्भगळित होतो, आणि सरावलेला माणूस लाल रंगाकडे पाहणेच सोडून देतो. शेजारच्या एका आजोबांनी आपला रिपोर्ट माझ्यासमोर धरून विचारले होते, “गुरुजी, हे सारं लालच लाल काऊन दिसते? माह्या किडन्या गेल्या काय?” त्यांच्या रिपोर्टमध्ये लाल असलेले बहुतेक आकडे जुनेच होते. पण हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे, मी शाळामास्तर आहे. पोर्टलने निदान ‘डॉक्टरांना आजच दाखवा’ आणि ‘पुढच्या भेटीत विचारा’ असे दोन वर्ग केले, तर गावातल्या अर्ध्या झोपा वाचतील. रिपोर्ट डॉक्टरांनी पाहण्याआधीच रुग्णाला दिसू द्यावा की नाही, हाही वादाचा मुद्दा आहे. माझे मत तो दिसू द्यावा असेच आहे, कारण आमच्याकडे पुढची भेट महिन्याने असते आणि तेवढा काळ अंधारात राहण्यापेक्षा घाबरणे परवडले. पण मग घाबरलेल्या माणसाने कोणाला विचारावे, याची सोय त्याच पानावर हवी. संदेशाच्या भागात आपण प्रश्न लिहू शकत नाही, रुग्णालयाचा निरोप फक्त वाचता येतो.

आता मूळ मुद्दा. या पोर्टलची संपूर्ण रचना अशा गृहीतावर उभी आहे की रुग्णाकडे स्वतःचा मोबाईल आहे, तो त्याच्या जवळ आहे, चालू आहे आणि त्याला तो वाचता येतो. आमच्या गावात रुग्ण एक असतो, मोबाईल दुसऱ्याचा असतो आणि पोर्टल वापरणारा बहुधा तिसराच असतो. आईच्या कार्डावर नोंदवलेला क्रमांक माझ्या धाकट्या भावाचा आहे, कारण पहिल्यांदा दवाखान्यात तो सोबत होता. भाऊ पुण्याला कामाला आहे. पोर्टल उघडायचे म्हणजे मी इकडून क्रमांक भरायचा, त्याला फोन करायचा, त्याने यंत्रावरचे काम थांबवून ओटीपी वाचून दाखवायचा आणि दोन मिनिटांची मुदत संपण्याआधी मी तो टाकायचा, असा सारा प्रकार आहे. तो रात्रपाळीला असेल तर त्या दिवशी पोर्टल बंद समजायचे. ही कथा आमच्या एकट्याच्या घरची नाही. सोयाबीन आणि कपाशीचा हंगाम संपला की तरुण मुले कामासाठी पुण्याकडे, मुंबईकडे किंवा सुरतेकडे जातात आणि घरातला चांगला मोबाईल त्यांच्यासोबत जातो. मागे राहिलेल्या साध्या मोबाईलचे रिचार्ज संपले की काही काळाने येणारे संदेशही थांबतात. दर महिन्याचे रिचार्ज हा म्हाताऱ्या जोडप्यासाठी औषधाइतकाच नियमित खर्च झाला आहे, आणि दोहोंपैकी एक टाळायचे झाले तर रिचार्ज टाळले जाते.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. आमच्या ओळखीतील एका रुग्णाचे पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आले तेव्हा रुग्णालयाने आपले कर्तव्य म्हणून तातडीने फोन केला. तो फोन नोंदवलेल्या क्रमांकावर, म्हणजे परगावी असलेल्या मुलाला गेला. मुलगा कारखान्यात होता आणि मोबाईल कपाटात होता. निरोप गावात पोचेपर्यंत रात्र झाली. सुदैवाने वेळेवर गाडी मिळाली आणि ते वाचले. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकावर फोन जावा यासाठी नोंदणीत दुसरा क्रमांकच नाही. संपर्कासाठीचा क्रमांक आणि प्रवेशासाठीचा क्रमांक वेगवेगळे असू शकतात, ही साधी गोष्ट पोर्टल बनवताना कोणी विचारात घेतलेली दिसत नाही.

यावर लोकांनी आपापले मार्ग काढले आहेत आणि त्यातून खासगीपणाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. कोणी आपले पिवळे कार्ड आणि मोबाईल दोन्ही सेवा केंद्राच्या चालकाकडे देऊन टाकतो, तो रिपोर्ट काढून छपाईचे पैसे घेतो आणि पुढचा ग्राहक येईपर्यंत तो रिपोर्ट संगणकाच्या पडद्यावर तसाच उघडा असतो. कोणी रिपोर्टची पीडीएफ भावकीच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकतो. किडनीच्या आजारात निदान लाजण्यासारखे काही मानले जात नाही. पण हेच पोर्टल स्त्रीरोग, क्षयरोग आणि मानसिक आजारांच्या नोंदीही दाखवते. ज्या सुनेची चिठ्ठी सासऱ्याच्या मोबाईलवरच्या ओटीपीने उघडते, तिला त्या चिठ्ठीत काय लिहिले जावे आणि काय नको, हे डॉक्टरांना सांगण्याची संधी कधी मिळणार? रुग्णाच्या संमतीने एखाद्या नातेवाइकाला त्याच्या स्वतःच्या क्रमांकाने प्रवेश देणे, त्यात फक्त रिपोर्ट आणि भेटीची वेळ एवढेच दाखवणे, आणि रुग्णाला वाटेल तेव्हा ती परवानगी काढून घेता येणे, अशी रचना तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. बँकांत खातेदाराच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला अधिकारपत्र देण्याची पद्धत कधीची आहे. ती येथे नसल्यामुळे मदतनीसाला रुग्णाचे सोंग घेऊनच आत यावे लागते, आणि एकदा आत आला की त्याला सगळेच दिसते.

भेटीची वेळ ठरवण्याच्या भागाविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तो थोडकाच उपयोगी आहे. सकाळी ठरावीक वेळी जागा खुल्या होतात आणि किडनीविकार विभागाच्या जागा पाहता पाहता भरतात. जागा मिळाली तरी रुग्णालयात पोचल्यावर नोंदणीच्या खिडकीवर पुन्हा रांग लावावी लागते, ओळ फक्त वेगळी असते. डॉक्टर रजेवर गेल्यास सूचना पोर्टलच्या आत दिसते, पण मोबाईलवर संदेश येतोच असे नाही. त्यामुळे शेगावहून पहाटेची गाडी धरणाऱ्याने आदल्या रात्री पोर्टल उघडून पाहावे आणि शक्य असल्यास मदतकक्षाला फोनही करावा. बिले भरण्याचा भाग यूपीआयने नीट चालतो. जन आरोग्य योजनेतून उपचार घेणाऱ्यांना त्याचा संबंधच येत नाही.

मराठीचे बटण आहे. ते दाबल्यावर मुख्य पानावरील शीर्षके मराठी होतात, पण तपासणीआधी उपाशी राहायचे की नाही, चोवीस तासांची लघवी कशी जमवायची, कोणती गोळी आदल्या दिवशी बंद ठेवायची, या ज्या सूचना रुग्णाने स्वतः वाचायला हव्यात त्या इंग्रजीतच राहतात. औषधांच्या चिठ्ठीतही ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ एवढे मराठीत छापणे कठीण नव्हते, कारण संगणकात हे पर्याय निवडूनच भरले जातात. चिठ्ठी छापील असल्यामुळे औषधाचे नाव निःसंशय वाचता येते, ही मात्र हस्ताक्षराच्या तुलनेत मोठी सुधारणा म्हणावी लागेल. गावातल्या औषध दुकानदाराने ती मोबाईलवर पाहून औषध देण्यास कधी नकार दिलेला नाही.

वेगाविषयी माझे मत अपेक्षेपेक्षा अनुकूल आहे. पानावर अनावश्यक चित्रे नाहीत आणि पीडीएफ हलक्या असतात, त्यामुळे नेटवर्कची एखादीच कांडी असली तरी रिपोर्ट उतरतो. मात्र मध्येच वीज जाऊन टॉवर बंद पडला, तर अर्धवट राहिलेला प्रवेश पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, म्हणजे पुन्हा पुण्याला फोन. उतरवलेल्या फायलींना नुसते लांबलचक आकड्यांचे नाव असते. तारीख आणि तपासणीचे नाव आपणच देऊन ठेवावे, नाहीतर डॉक्टरांसमोर बसून एकेक फाईल उघडत राहावे लागते.

या पोर्टलला ‘आभा’ जोडण्याची सोय आहे आणि त्याबाबत आमच्या भागात फार गोंधळ असल्याने चार शब्द अधिक लिहितो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यातील आभा हा चौदा अंकी क्रमांक म्हणजे आरोग्य नोंदींचे खाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड ती वेगळी गोष्ट, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती तिसरी. आभा काढल्याने उपचार फुकट होत नाहीत आणि आभा नसल्याने कोणाला उपचार नाकारता येत नाहीत, ती ऐच्छिक आहे. तिचा उपयोग असा की वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी आपल्या संमतीने एका ठिकाणी पाहता येतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना ठरावीक मुदतीसाठी दाखवता येतात. नोंदी दिल्लीच्या एखाद्या मोठ्या गोदामात जात नाहीत, त्या ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि संमती दिल्यावर तेवढ्यापुरत्या पाठवल्या जातात. दिलेली संमती मागेही घेता येते. कागदावर ही रचना रुग्णालयाच्या स्वतःच्या पोर्टलपेक्षा कितीतरी विचारपूर्वक केलेली आहे, आणि बाहेरचे आकडे न दिसण्याची जी मर्यादा मी वर सांगितली तिच्यावर खरा उपाय हाच आहे.

परंतु जोडणी होण्यासाठी नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल क्रमांक दोन्हीकडे जुळावे लागतात, म्हणजे आपण फिरून संगणकाने बनवलेल्या त्या जन्मतारखेपाशीच येतो. शिवाय आधारच्या ओटीपीने आभा काढायची तर आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असावा लागतो. तो बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो, सहसा आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन, आणि आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे यंत्राला सहजासहजी मिळत नाहीत. दुसरे असे की आमच्या आसपासच्या लहान खासगी प्रयोगशाळा आणि दवाखाने या व्यवस्थेत आलेले मला अजून दिसलेले नाहीत. त्यामुळे आभा जोडली तरी आत नागपूरच्याच नोंदी दिसतात, ज्या पोर्टलवरही दिसतच होत्या. आभा जरूर काढावी, पण तिच्या भरवशावर कागद फेकू नयेत.

पोर्टलचा एक उपयोग मला रुग्णालयाच्या माहितीपत्रकात आढळला नाही, पण खेड्यात तो सर्वांत मोलाचा ठरतो. गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे करून देतात. तेथे पलीकडच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हमखास ‘जुने रिपोर्ट आहेत का’ असा असतो. आईला मध्यंतरी ताप आला असताना पोर्टलवरील शेवटचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी समोर होती, म्हणून औषधाची मात्रा किडनीला झेपेल अशी ठरवता आली आणि नागपूरची वारी टळली. आशाताईंनी तेव्हापासून किडनीच्या प्रत्येक रुग्णाला शेवटचा रिपोर्ट मोबाईलमध्ये उतरवून ठेवायला सांगितले आहे. ओटीपीची भानगड आजारपणाच्या ऐन वेळी नको, हा त्यांचा युक्तिवाद कोणत्याही तांत्रिक सल्ल्यापेक्षा व्यवहार्य आहे.

जुन्या नोंदींबाबतही सावध राहावे. पोर्टलवर संगणकीकरणाआधीचे काहीच नाही, आणि आज दिसते ते कायम दिसेल अशी लेखी हमीही नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. हा हक्क पोर्टल असो वा नसो, आहेच. किडनीचा आजार तीन वर्षांत आटोपणारा नसल्यामुळे सुट्टीचे सर्व कागद उतरवून त्यांची एक छापील प्रत घरात ठेवणे शहाणपणाचे.

एकूण गुण विचाराल तर मी पाचपैकी तीन देईन. रिपोर्टच्या भागामुळे ते तीन आहेत आणि प्रवेशाच्या पद्धतीमुळे त्याहून अधिक नाहीत. नातेवाइकासाठी वेगळ्या प्रवेशाची आणि दुसऱ्या संपर्क क्रमांकाची मागणी मी मदतकक्षाकडे लेखी केली आहे. ‘सूचना संबंधितांकडे पाठवली आहे’ असे उत्तर आले. मदतकक्षाचा फोन कामाच्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ टळल्यावर लवकर लागतो आणि तेथील माणसे मराठीत, समजुतीने बोलतात.

नव्याने नोंदणी करणाऱ्यांनी खिडकीवर कार्ड काढतानाच तीन गोष्टींवर अडून बसावे: वय न सांगता आधारवरील जन्मतारीख लिहून घ्यावी, नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे पडद्यावर दाखवायला सांगावे, आणि सोबत आलेल्याचा नव्हे तर गावात कायम राहणाऱ्या माणसाचा मोबाईल क्रमांक द्यावा. नंतर यातले काहीही बदलायचे झाल्यास छापील अर्ज आणि आधारची छायाप्रत लागते, आणि रुग्णाला स्वतः नागपूरला यावे लागते.